दुखत नाही, आवळतंय

डॉक्टरांनी तीनदा विचारलं आणि आईने तिन्ही वेळा खरंच सांगितलं. "आजी, छातीत दुखतंय?" "नाही." "कळ येते का, हातात, पाठीत?" "नाही हो." "म्हणजे वेदना अशी काही नाही?" यावर आई जरा थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "दुखत नाही. आवळल्यागत होतंय. चऱ्हाटानं कुणी करकचून बांधावं तसं." आणि तिने मूठ वळून छातीच्या मधोमध ठेवली. डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड, बाहेर बाकांवर ही गर्दी. त्यांनी कागदावर इंग्रजीत एक ओळ लिहिली, ती मला उलट्या बाजूनेही वाचता आली : छातीत वेदना नाही. मग ॲसिडिटीचं गुलाबी पातळ औषध, पाच दिवसांच्या गोळ्या, आणि तेलकट कमी करा. मी शेजारीच उभी होते. मी काय केलं? मी म्हणाले, "काल एकादशी होती ना, साबुदाणा बाधला असेल. गॅसच असणार."

हे वाक्य माझं आहे. ते डॉक्टरांच्या नावावर खपवता येत नाही.

तिसऱ्या रात्री दीड वाजता बाबांनी हाक मारली तेव्हा आई पलंगावर बसून होती, घामाने थबथबलेली, आणि मूठ पुन्हा तिथेच. १०८ला फोन केला. गाडी लवकर आली, पण ती मोठ्या रस्त्यावर. आमचं घर मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यात, आणि वाडा आहे बोळाच्या टोकाला. साताऱ्यातले बोळ ज्यांना माहीत आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. समोरून कोणी पाण्याची कळशी घेऊन आलं की एकाने कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढायचं, हा आमचा वाहतुकीचा नियम. लहानपणी मला तिन्हीसांजेला त्या बोळातून यायची भीती वाटायची. दोन्ही भिंतींचा गारवा एकदमच दंडांना लागायचा, शाळेच्या निळ्या फ्रॉकवर चुन्याचे पांढरे फराटे उठायचे आणि घरी आल्यावर त्यावरून बोलणी बसायची. बोळ मध्यावर काटकोनात वळतो. त्या वळणावर स्ट्रेचर अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. शेवटी जोशीकाकूंच्या ओसरीवरची लाकडी खुर्ची आणली, आईला तीत बसवलं आणि दोघांनी खुर्ची तिरकी करून उचलली. बाबा ८१ वर्षांचे, पुढे बॅटरी धरून उलटे चालत होते. खुर्चीच्या हाताने भिंतीचा गिलावा खरवडला गेला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आई मात्र त्या अवस्थेत म्हणाली, "अगं हळू, काकूंची खुर्ची आहे."

चार दिवसांनी घरी आलो तेव्हा कागदांची एक जाड फाईल बरोबर होती. वरच्याच कार्डावर निदान : अनस्टेबल अंजायना. हृदयाला पुरेसं रक्त न पोचण्याचं दुखणं.

मी २८ वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. नववी-दहावीच्या पोरांकडून समानार्थी शब्द घोटून घेतले. अँग्विश म्हणजे यातना, अँक्झायटी म्हणजे चिंता, अँगर म्हणजे राग. तीन वेगळ्या ओळी, तीन वेगळे मार्क. अंजायना अभ्यासक्रमात नव्हता. त्या रात्री झोप येत नव्हती म्हणून कपाटातला जाडा कोश काढला, आणि एखाद्या लग्नात अनोळखी वाटणारी चार माणसं एकाच आजोबांची नातवंडं निघावीत तसं झालं. लॅटिनमध्ये एक धातू आहे, त्याचा अर्थ आवळणं, गळा दाबणं. त्यातूनच अरुंद या अर्थाचा अँगुस्टस. तोच फ्रेंचमधून फिरून इंग्रजीत आला तो अँग्विश. त्याच घरातली अँक्झायटी. जर्मनांकडे अरुंद म्हणजे 'एंग', आणि भीती म्हणजे 'आंग्स्ट'. म्हणजे ज्याला मी यातना, चिंता, भीती असं वेगवेगळ्या फळ्यांवर लिहीत आले, ते सगळे आमच्या बोळाच्या वळणावर एकमेकांना घासून उभे होते.

अंजायना हा शब्द आधी छातीचा नव्हताच, घशाचा होता. घसा सुजून श्वास कोंडला की रोमन लोक त्याला हे नाव देत, आणि त्याच्यामागे गळफास या अर्थाचा ग्रीक शब्द उभा आहे. (आपल्याकडे असल्याच एका आजाराला घटसर्प म्हणतात. घशात साप! नावं ठेवण्यात आपणही काही कमी नाही.) छातीत तो आणला विल्यम हेबर्डन नावाच्या लंडनच्या डॉक्टरने. १७६८ साली त्याने तिथल्या वैद्यांच्या सभेत एक निबंध वाचला, तो १७७२मध्ये छापून आला. चढावर चालताना, विशेषतः जेवणानंतर, माणसाला छातीत असं काही होतं की तो जागीच थांबतो, आणि थांबला की ते निघून जातं, हे त्याने नोंदवलं. मग म्हणाला, या विकाराची जागा, त्यात येणारी गळा आवळल्याची भावना आणि सोबतची तगमग पाहता याला छातीचा अंजायना म्हणायला हरकत नसावी.

हे वाचून मी कोश मिटला आणि दिवा मालवून बसून राहिले. म्हणजे दवाखान्यात त्या दिवशी आई लक्षणं सांगतच नव्हती. ती रोगाचं नाव सांगत होती. अडीचशे वर्षांपूर्वी लॅटिनमध्ये ठेवलेलं नाव, सातारी मराठीत, शब्दाला शब्द लावून. आणि खोलीत इंग्रजी जाणणारी दोन माणसं होती, त्यातल्या एकालाही ते ऐकू आलं नाही.

पुढचे काही दिवस मला या शब्दांचं वेडच लागलं. आईच्या उशाशी बसायचं, चार वाजता गोळी द्यायची, आणि मधल्या वेळात कोश. मूळ एवढं जुनं म्हटल्यावर आपल्याकडे काही नसेल असं कसं होईल? वेदांत आहे, अंहस्. संकट, क्लेश, पाप. आणि अंहु म्हणजे अरुंद. ऋग्वेदातली माणसं देवांकडे पुन्हा पुन्हा मागतात की आम्हाला या अंहसातून सोडव. आणि त्याच्या उलट काय मागतात, तर उरु. रुंद. मोकळी जागा. गुरं घेऊन फिरणाऱ्या माणसांना याहून मोठं सुख कुठलं असणार म्हणा. उरु म्हणजे रुंद आणि उर म्हणजे छाती, हे दोन शब्द निराळे आहेत, पण त्या आठवड्यात मला ते निराळे ठेवता येईनात.

संकट हा शब्द तर आपण दिवसातून दहादा वापरतो. संस्कृतात त्याचा साधा अर्थ चिंचोळा, दाटीचा, जिथून पुढे जाता येत नाही असा. खिंड म्हणा, बोळ म्हणा. तोच मराठीत झिजून साकडं झाला. आईने वाईच्या ढोल्या गणपतीला आजवर किती साकडी घातली असतील याचा हिशोब नाही. माझ्या बीएडसाठी एक, भावाच्या नोकरीसाठी दोन, बाबांच्या मोतीबिंदूसाठी एक. प्रत्येक वेळी ती देवाला अडचणीच्या जागेत गाठत होती, हे तिला सांगितलं तर ती म्हणाली, "मग काय, मोकळ्या मैदानात देव सापडतोय होय?"

आणि काच. हा माझा लाडका शब्द, याला कुठला कोश लागत नाही. नाडी काचते, इलास्टिक काचतं, नव्या चपलेचा अंगठा काचतो. संध्याकाळी कपडे बदलताना कमरेवर जो लाल वळ दिसतो तो काच. आणि सासरचाही काचच. आईच्या पिढीच्या बायका "तिला फार काच आहे गं" एवढंच म्हणायच्या, आवाज खाली करून, आणि ऐकणारीला सगळं कळायचं. कुणी मारलं, कुणी उपाशी ठेवलं, असलं काही त्यात असायलाच हवं असं नाही. सैल न होणं एवढंच. दुखत नाही, पण काचतं. आईला माझ्या आजीचा काच होता, हे मला फार उशिरा कळलं. तेही आईने सांगितलं नाही, मावशीने सांगितलं.

बाबा निवृत्तीपर्यंत कचेरीत स्टेनो होते. अजूनही किराण्याची यादी लघुलिपीत लिहितात, त्यामुळे ती दुकानात वाचून दाखवायलाही त्यांनाच जावं लागतं. बारीक शिसाच्या पेन्सिलीने काढलेल्या त्या नाजूक रेघा, काही फिकट, काही गडद, मला लहानपणी मुंग्यांच्या रांगा वाटायच्या. आईच्या अँजिओग्राफीचा रिपोर्ट ते भिंग घेऊन वाचत होते. डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत ९० टक्के स्टेनोसिस. "अरे, यात मी आहे की!" ते म्हणाले. आहेतच. ग्रीकमध्ये 'स्टेनोस' म्हणजे अरुंद. स्टेनोग्राफी म्हणजे दाटीत बसवलेलं लेखन, आणि स्टेनोसिस म्हणजे दाटलेली नळी. बाबांनी भिंग खाली ठेवलं. "पण माझ्या अरुंदपणानं साहेबांचं काम पटकन व्हायचं," एवढं म्हणून ते अंगणात गेले. बराच वेळ परत आले नाहीत.

ज्या कचेरीत ते नोकरीला जायचे तिच्या पाटीवरचा शब्दही याच मालिकेतला निघावा याला काय म्हणायचं? डिस्ट्रिक्ट. लॅटिनमध्ये 'स्ट्रिंगेरे' म्हणजे ओढून घट्ट करणं. त्याचं गोत मोठं आहे : स्ट्रिक्ट मास्तर, रिस्ट्रिक्शन, डिस्ट्रेस, हिरड्याचा तुरटपणा सांगणारा ॲस्ट्रिंजंट (जीभ आवळते ना, म्हणून), आणि आपल्याला रोज भेटणारा स्ट्रेस. मध्ययुगातल्या युरोपात सरदाराला जिथवर जप्ती आणता येई, लोकांना वठणीवर आणता येई, तेवढा त्याचा मुलूख म्हणजे डिस्ट्रिक्ट. फासाची दोरी जिथवर पोचते तिथवर. साताऱ्याचं राज्य डलहौसीने १८४८ साली खालसा केलं आणि मग आपणही डिस्ट्रिक्ट झालो. या शब्दाचा मूळ अर्थ इतका चपखल कुठे बसला असेल असं वाटत नाही. पुढे १९४९मध्ये खालचा भाग तोडून दक्षिण सातारा केला, १९६०मध्ये त्याचं नाव सांगली झालं. आपण मात्र म्हणतो जिल्हा, आणि हा शब्द आला अरबीतून. तिथे त्याचा अर्थ बाजू. आणि त्याच्याही आधी बरगडी. इंग्रजाने पाटीवर आवळणं लिहिलं, आपण खाली बरगडी लिहिली. रोज त्याखालून बाबा सायकल ढकलत आत जायचे.

आईचं निघाल्यावर डॉक्टरांनी आम्हा भावंडांनाही तपासून घ्या म्हटलं. माझी स्ट्रेस टेस्ट झाली. छातीवर गार जेली, दहा वायरी, आणि सलवार सावरत त्या सरकत्या पट्ट्यावर चालायचं. चालवणारा पोरगा माझ्याच एका विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ निघाला. "मॅडम, ताण घेऊ नका," तो म्हणाला. म्हटलं, बाळा, तोच तर मोजतोयस ना? पण चालता चालता डोक्यात हेच. स्ट्रेसला आपण ताण म्हणतो, पण हे दोन्ही एक नाहीत. ताण म्हणजे ओढणं, लांबवणं. त्याच्या घरात तंतू आहे, गवयाची तान आहे, आणि सात समुद्रांपलीकडचं टेन्शनही आहे, ते याच्या सख्ख्या चुलत घरातलं. ताणात तुम्हाला दोन बाजूंनी ओढतात. स्ट्रेसमध्ये चारी बाजूंनी दाबतात. ताणलेली तार वाजते तरी. माझ्या नोकरीतली सगळी वर्षं मी ताणात होते आणि तक्रार करत होते, ते मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असं. आईला ताण होता असं कधी कुणी म्हटलं नाही. तिच्याजवळ दुसरं होतं.

रागाचं सांगायचं राहिलं. मला त्या तरुण डॉक्टरांचा भयंकर राग आला होता. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स काढली, पर्समध्ये घातली आणि एका सोमवारी त्यांच्या दवाखान्यात जाऊन बसले. नंबर ३१. समोर एक म्हातारा खोकत होता, एक बाई बाळाला थोपटत होती, आतून त्यांचाच आवाज येत होता, "काका, दुखतं का? नक्की कुठे दुखतं?" मी मनात वाक्यं जुळवत होते. इंग्रजीतला अँगरही याच कुळातला. उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आलेला, आणि आल्या वेळी त्याचा अर्थ संताप नव्हता, दुःख होता, छळ होता. संताप त्यावर नंतर चढला. आपला राग अगदी निराळ्या गावचा, रंगातून आलेला. पूर्वी तो प्रेमही असायचा, गाण्यात अजून आहे. वर्री तर सगळ्यात भयानक. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ गळा आवळून मारणं, मग लांडग्याने किंवा कुत्र्याने मेंढराची मान जबड्यात धरून झिंजाडणं, आणि पार एकोणिसाव्या शतकात येऊन मनाला लागलेला घोर. माणच्या कुठल्याही धनगराला सांगा, कोशाशिवाय कळेल. २४ नंबर आत गेला तेव्हा मी उठले. माझ्याकडे त्यांना सांगण्यासारखं एकच वाक्य होतं, आणि ते "गॅसच असणार" या माझ्या वाक्याला जोडल्याशिवाय बाहेर येत नव्हतं. घसा धरल्यासारखा झाला होता. येताना मोती चौकातून पाव किलो कंदी पेढे घेतले, जोशीकाकूंना द्यायचे होते. खुर्चीचा एक हात ढिला झालाय, त्यांनी अजून बोलून दाखवलेलं नाही.

त्या रात्रीचं एक मात्र सांगते. अँजिओग्राफी हाताच्या मनगटातून करायची म्हणून सिस्टर बांगड्या काढायला आल्या. उजव्या हातात हिरव्या काचेच्या सात. आई तयार नव्हती. लग्नाला ५६ वर्षं झाली, हात कधी रिकामा ठेवला नाही. साबणाचं पाणी लावलं, पाच निघाल्या, दोन फुटल्या. नंतर तिला बाहेर आणलं तेव्हा त्याच मनगटावर हवा भरलेला एक पारदर्शक पट्टा करकचून बांधलेला होता. तिथून रक्त येऊ नये म्हणून. सिस्टर ठरावीक वेळाने यायच्या आणि सिरिंजने थोडी थोडी हवा काढायच्या. आत स्टेंट बसला होता. (हा एकच शब्द या सगळ्या गोतावळ्यात परका. तो चार्ल्स स्टेंट नावाच्या एका इंग्रज दंतवैद्याचं आडनाव आहे. अरुंदाला रुंद करणाऱ्या वस्तूला दातांच्या डॉक्टरचं नाव.) आई पट्ट्याकडे बघत होती. म्हणाली, "आता इथं आवळलं, आणि तिथलं सुटलं बघ." पुन्हा अगदी बरोबर सांगितलं. या वेळी मी ऐकलं, आणि सिस्टरलाही सांगितलं.

गेल्या आठवड्यात तिला घेऊन कासाराकडे गेले. बोळ ती हळूहळू चालली, वळणावर थांबली, गिलावा उडालेल्या जागेवरून हात फिरवला. दुकानात तेच जुने कासारकाका. लहानपणी बांगड्या भरताना मी हात लाकडासारखा ताठ करायचे आणि ते ओरडायचे, "सैल सोड, सैल सोड, ताठ धरलास तर फुटेल." अंगठा तळव्याच्या आत दुमडायचा, बोटांची चोच करायची, सांध्यावर दाबायचं, आणि दुखणार असं वाटत असतानाच ती सरकन मनगटावर उतरायची. आईला त्यांनी काही सांगावं लागलं नाही. तिने हात पुढे केला आणि त्यांच्या हातात सोडून दिला, एखादं फडकं द्यावं तसा. नेहमीचं माप दोन सहा. पहिली बांगडी दाबावीच लागली नाही, आपोआप गेली आणि पार कोपराकडे निघाली. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आजी, हात उतरलाय. दोन चारच्या दाखवू? नीट बसतील."

आईने हात वर करून हलवला. बांगडी मनगटावरून खाली आली, पुन्हा वर गेली.

"नको," ती म्हणाली. "ह्याच भरा. वाजतात तरी."